ब्लूबेरी : गुण, परंपरा आणि आपला खिसा



दहा-पंधरा वर्षांपूर्वी आपल्या बडोद्यात ब्लूबेरी हा शब्द फक्त केकच्या दुकानात ऐकू यायचा. आता अलकापुरीतल्या फळांच्या दुकानांत प्लॅस्टिकच्या छोट्या डबीत निळ्या गोट्यांसारखी ही फळे मांडलेली दिसतात. औषधांच्या दुकानात तिच्या कॅप्सूल मिळतात. अमेरिकेतून सुट्टीवर येणारी मुले बदाम-अक्रोडांबरोबर सुकवलेल्या ब्लूबेरीचे पाकीट आणतात. आणि व्हॉट्सअॅपवर तर रोज सकाळी कोणीतरी सांगतच असते की ही खा, साखर उतरेल, डोळे सुधारतील, विसरभोळेपणा जाईल.

आपल्या ज्येष्ठ सभासदांच्या बैठकीत या फळाबद्दल इतके प्रश्न निघाले, की सगळे एकदा नीट लिहून काढावे असे वाटले. आम्ही डॉक्टर नाही. आमची हयात बँकेत गेली. तिथे अर्जदार काहीही लिहो, प्रत्येक दावा कागदाशी ताडून पाहिल्याशिवाय सही करायची नाही, एवढी एक सवय लागली. त्याच सवयीने या फळाकडे पाहू या. ही मूळची कुठली, तिथले लोक ती कशासाठी वापरत, तिच्यात खरेच काय आहे, संशोधन काय म्हणते आणि आपल्यासारख्या पेन्शनवर चालणाऱ्या घरांनी तिच्यावर किती खर्च करावा, असे क्रमाने पाहू.

हे फळ कुठले?

ब्लूबेरी उत्तर अमेरिकेची. वनस्पतिशास्त्रात तिचा गण 'व्हॅक्सिनियम'. क्रॅनबेरी आणि युरोपातली बिलबेरी ही तिची सख्खी भावंडे. हिमालयात लाल फुलांनी पेटल्यासारखा दिसणारा बुरांश, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन, हाही याच मोठ्या कुळातला. नीलगिरीच्या डोंगरांतही व्हॅक्सिनियमच्या रानटी जाती आढळतात. म्हणजे कुटुंब आपल्याला अगदीच परके नाही, पण बाजारात येणारी ब्लूबेरी मात्र तिकडचीच.

तिचे मुख्य दोन प्रकार आहेत. एक उंच झुडपाची. हे झुडूप माणसाएवढे किंवा त्याहून उंच होते. दुकानातल्या डबीत बहुधा याच प्रकारची फळे असतात. दुसरी बुटकी, रानटी. अमेरिकेच्या ईशान्य टोकाला असलेले मेन राज्य आणि कॅनडाचा पूर्व भाग इथे ती मैलोन्‌मैल जमिनीलगत पसरलेली असते, फार तर गुडघ्यापर्यंत येते. तिचे फळ लहान, पण चवीला जास्त गडद.

चांदणीचे फळ

ब्लूबेरी हातात घेऊन देठाच्या उलट बाजूला पाहिले, तर तिथे पाच पाकळ्यांची चांदणी दिसते. फुलाच्या निदलपुंजाचे ते अवशेष. उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांपैकी काही जमाती या चांदणीवरूनच तिला ताऱ्यांचे फळ म्हणत. दुष्काळात मुलांची भूक भागवण्यासाठी परमात्म्याने ही फळे पाठवली, अशी कथा त्यांच्यात सांगितली जाते.

कथा बाजूला ठेवली तरी भूक खरीच होती. तिथला हिवाळा लांब आणि कडक. उन्हाळ्यातल्या काही आठवड्यांत जे पिकेल ते सुकवून ठेवायचे आणि पुढचे सहा महिने पुरवायचे, असा हिशेब असे. आपल्याकडे पावसाळ्यापूर्वी सांडगे, पापड, आमसुले होतात, तसेच हे. इ.स. १६१५ मध्ये फ्रेंच प्रवासी सॅम्युएल द शांप्लँ लेक ह्युरॉनच्या परिसरातून गेला, तेव्हा तिथले लोक ही फळे गोळा करून हिवाळ्यासाठी सुकवत असल्याचे त्याने नोंदवून ठेवले आहे.

सुकवलेली फळे मक्याच्या भरड्यात घालून लापशीसारखा पदार्थ करत. मांसाच्या रश्श्यात घालत. वाळवलेले मांस कुटून त्यात चरबी आणि सुकी फळे मिसळून 'पेमिकन' नावाचे लाडू किंवा वड्या करत. हे अन्न महिनोन्‌महिने टिके आणि प्रवासात, शिकारीत उपयोगी पडे. पेमिकनमध्ये प्रांतानुसार वेगवेगळी रानफळे वापरली जात, ब्लूबेरी हे त्यांतले एक.

औषध म्हणूनही उपयोग होता. फळांचा रस खोकल्यावर देत. पानांचा काढा शक्तिवर्धक आणि रक्तासाठी चांगला मानत. मुळांचा काढा बाळंतपणात देण्याची चाल काही जमातींत होती. शिवाय टोपल्या आणि कापड रंगवायला रस वापरत. म्हणजे फळ, पान, मूळ, रंग, काहीच वाया जात नसे.

आणखी एक गोष्ट आम्हाला फार आवडली. मेनमधले मूळ रहिवासी रानटी ब्लूबेरीची माळराने ठरावीक काळाने जाळत. आग वरवरची फांदी खाऊन टाकते, जमिनीखालचे खोड मात्र शाबूत राहते आणि त्याला नवे, जोमदार कोंब फुटतात. आजही तिथले शेतकरी एक वर्षाआड शेत जाळतात किंवा कापून सपाट करतात. त्यामुळे पीक एक वर्षाआड येते. आपल्या कोकणात पावसाआधी भाताच्या खाचरात राब भाजतात, त्याचीच आठवण होते.

आता हेही स्पष्ट म्हणायला हवे, की परंपरेत वापरले जाई म्हणून ते आजच्या आपल्या आजारावर लागू पडेल, असे होत नाही. त्या लोकांचे आयुष्य मेहनतीचे होते आणि खाणे मोजके. त्यांना मधुमेहावर औषध हवे नव्हते, हिवाळा काढायला अन्न हवे होते. परंपरेतून सर्वांत ठामपणे कळते ते एवढेच, की हे फळ शतकानुशतके रोजच्या अन्नाचा भाग होते आणि ते पोटाला मानवत होते.

रानातून शेतात

एवढे जुने फळ, पण शेतात लावलेले पीक म्हणून त्याचे वय जेमतेम शंभर वर्षांचे आहे. आणि ज्या न्यू जर्सी राज्यात आपल्यापैकी कितीतरी घरांची मुले-नातवंडे राहतात, तिथेच ते झाले. म्हणून ही हकीकत थोडी सविस्तर सांगतो.

विसाव्या शतकाच्या आरंभापर्यंत लोकांची समजूत होती, की ब्लूबेरी माणसाळतच नाही. रानातून रोप आणून चांगल्या सुपीक जमिनीत लावले, शेणखत घातले, चुना घातला, की ते मरून जाई. अमेरिकेच्या कृषी खात्यातले वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रेडरिक कोव्हिल यांनी १९०६ पासून यावर प्रयोग केले आणि १९१० मध्ये निष्कर्ष छापले. कारण ऐकायला सोपे होते. इतर पिकांना जी जमीन चांगली, तीच ब्लूबेरीला मारक. तिला आम्लधर्मी, पाणी वाहून जाणारी पण ओलसर जमीन लागते. पीएच साधारण साडेचार ते साडेपाच. चुना घालून आपण जमिनीची आम्लता घालवतो, म्हणजे रोपाचे पायच कापतो.

हे टिपण न्यू जर्सीच्या व्हाइट्सबॉग या गावी एलिझाबेथ व्हाइट यांच्या वाचनात आले. वडिलांचा क्रॅनबेरीचा मोठा मळा. क्रॅनबेरी शरद ऋतूत येते, ब्लूबेरी त्याआधी उन्हाळ्यात, म्हणजे त्याच जमिनीवर आणि त्याच मजुरांच्या हातांना आणखी एक पीक मिळू शकते, हे बाईंच्या लक्षात आले. १९११ पासून दोघांनी मिळून काम सुरू केले. संकर कोव्हिल करणार, आणि रानातली उत्तम झुडपे बाई शोधून देणार.

शोध कसा घेतला, तर आसपासच्या जंगलात फिरणाऱ्या लोकांना त्यांनी कामाला लावले. प्रत्येकाला मापाचे भोक पाडलेली पट्टी दिली. एक इंचाच्या पाच अष्टमांश भोकातून जे फळ आरपार जाणार नाही, त्याचे झुडूप हवे. आणणाऱ्याला रोख मोबदला, आणि झुडपाला त्याचेच नाव. रूब लीक नावाच्या गृहस्थाने आणलेले झुडूप फार चांगले निघाले. पण 'लीक' म्हणजे कांद्याच्या जातीची भाजी, ते नाव फळाला शोभेना. म्हणून रूबला आडनावातले एक अक्षर जोडून 'रूबेल' असे नाव ठेवले. ही जात आजही लावली जाते.

१९१६ मध्ये लागवडीच्या ब्लूबेरीचे पहिले पीक बाजारात गेले. आज न्यू जर्सीतले हॅमंटन हे गाव स्वतःला जगाची ब्लूबेरी राजधानी म्हणवून घेते. जूनच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत तिथल्या मळ्यांत जाऊन आपल्या हाताने फळे तोडता येतात. त्या दिवसांत मुलांकडे जाणाऱ्या आपल्या सभासदांनी हा अनुभव जरूर घ्यावा. नातवंडांबरोबर बादली कमरेला बांधून फळे तोडण्यात वेळ छान जातो, आणि झाडावर पिकलेल्या फळाची चव डबीतल्या फळाला नाही, हेही कळते. ब्लूबेरी तोडल्यावर निळी होते, पण गोड होत नाही. आंब्यासारखी आढी घालून ती पिकवता येत नाही.

आता हे पीक जगभर गेले आहे. निर्यातीत पेरू देश सर्वांत पुढे आहे. आपल्याकडेही काही ठिकाणी नारळाच्या भुशाने भरलेल्या कुंड्यांत लागवड सुरू झाली आहे, कारण आम्लधर्मी माती आयती मिळत नाही, ती तयार करावी लागते. बडोद्याच्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत कोणी हौसेने रोप लावू पाहत असेल, तर त्याने हे आधी लक्षात घ्यावे.

डबीत नेमके काय असते?

१०० ग्रॅम ताज्या ब्लूबेरीत साधारण ८४ ग्रॅम पाणी असते. उष्मांक ५७, कर्बोदके साडेचौदा ग्रॅम, त्यांपैकी साखर सुमारे १० ग्रॅम, तंतुमय पदार्थ २.४ ग्रॅम. 'क' जीवनसत्त्व १० मिलिग्रॅमच्या आसपास, 'के' जीवनसत्त्व १९ मायक्रोग्रॅम, पोटॅशियम ७७ मिलिग्रॅम. मँगनीजही बऱ्यापैकी.

हे आकडे पाहिल्यावर पहिली गोष्ट लक्षात येते, की जीवनसत्त्वांच्या बाबतीत ब्लूबेरी काही जगावेगळी नाही. आपल्या साध्या पेरूत 'क' जीवनसत्त्व १०० ग्रॅमला २०० मिलिग्रॅमच्या घरात असते, म्हणजे वीसपट. आवळ्याचेही तेच, तो तर 'क' जीवनसत्त्वाचे भांडारच.

मग तिची एवढी कीर्ती कशामुळे? तिच्या रंगामुळे. हा निळा-जांभळा रंग 'अँथोसायनिन' नावाच्या द्रव्यांचा. ती बहुतांशी सालीत असतात. लहान फळात गराच्या मानाने साल जास्त, म्हणून रानटी ब्लूबेरीत हे द्रव्य जास्त. याचा एक छोटा प्रयोग नातवंडांना दाखवण्यासारखा आहे. दोन-चार ब्लूबेरी पाण्यात चुरडा. एका वाटीत लिंबू पिळा, पाणी लालसर होईल. दुसऱ्या वाटीत चिमूटभर खायचा सोडा टाका, ते निळे-हिरवे होईल. आम्ल आणि अल्कली यांप्रमाणे रंग बदलणे हा या द्रव्याचा स्वभावच आहे.

ही द्रव्ये परीक्षानळीत 'अँटिऑक्सिडंट' म्हणून जोरदार काम करतात. त्यावरून फळांना गुण देणारी यादीही निघाली होती आणि ब्लूबेरी तिच्यात वरच्या क्रमांकावर असल्याचे आजही सांगितले जाते. पण अमेरिकेच्या कृषी खात्याने आपल्या संकेतस्थळावरची ती यादी २०१२ मध्ये काढून टाकली. कारण नळीतल्या आकड्यावरून शरीरात काय होईल हे सांगता येत नाही आणि विक्रेते त्याचा गैरवापर करत होते. तेव्हा पाकिटावर असा गुणांक दिसला, तर त्यावर भुलू नये.

संशोधन काय सांगते?

हृदय : अमेरिकेत ९३,६०० परिचारिकांची १८ वर्षे पाहणी झाली. त्याचे निष्कर्ष २०१३ मध्ये आले. ज्यांच्या आहारात अँथोसायनिन सर्वांत जास्त होते, त्यांच्यात हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सर्वांत कमी घेणाऱ्यांपेक्षा ३२ टक्क्यांनी कमी दिसला. तिथे अँथोसायनिन मुख्यतः ब्लूबेरी आणि स्ट्रॉबेरीतून येत होते. पण ही पाहणी आहे, प्रयोग नव्हे. बेरी खाणारी बाई बहुधा चालायलाही जाते, सिगारेटही कमी ओढते. संशोधक हे हिशेबात धरतात, तरी पूर्ण वजाबाकी कधीच होत नाही.

प्रत्यक्ष प्रयोग इंग्लंडमध्ये झाला, त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये छापले गेले. पोटाचा घेर, रक्तदाब, साखर, चरबी यांतल्या काही गोष्टी बिघडलेल्या ५० ते ७५ वयाच्या ११५ जणांनी तो पूर्ण केला. सहा महिने काहींना रोज १५० ग्रॅम ताज्या ब्लूबेरीइतकी भुकटी दिली, काहींना त्याच्या निम्मी, काहींना नुसती तशाच रंगाची भुकटी. १५० ग्रॅमवाल्यांच्या रक्तवाहिन्यांची लवचीकता सुधारली. निम्म्या मात्रेत तसे काही दिसले नाही. आणि इन्शुलिनच्या कामात सुधारणा कोणातच दिसली नाही. या प्रयोगाच्या खर्चात अमेरिकेतल्या ब्लूबेरी उत्पादकांच्या मंडळाचाही वाटा होता. त्याने निष्कर्ष खोटा ठरत नाही, पण अर्जदाराच्या नातेवाइकाचा जामीन असला की आपण जसे जरा निरखून पाहतो, तसे पाहावे.

मधुमेह : २०१३ मध्येच १,८७,००० हून अधिक लोकांच्या पाहणीतून आणखी एक गोष्ट पुढे आली. आठवड्याला तीनदा ब्लूबेरी खाणाऱ्यांत मधुमेह नव्याने होण्याचे प्रमाण सुमारे २६ टक्क्यांनी कमी दिसले. द्राक्षे आणि सफरचंद यांचाही संबंध चांगला आढळला. फळांचा रस पिणाऱ्यांत मात्र प्रमाण उलट थोडे वाढलेले होते. इथे दोन शब्द अधोरेखित करायला हवेत, 'नव्याने होण्याचे'. ज्याला मधुमेह आहे त्याची साखर ब्लूबेरीने उतरते, असे ही पाहणी म्हणत नाही.

स्मरणशक्ती : सत्तरीपुढच्या १६,००० स्त्रियांच्या पाहणीत ब्लूबेरी-स्ट्रॉबेरी जास्त खाणाऱ्यांची बुद्धी मंदावण्याचा वेग कमी दिसला, फरक सुमारे अडीच वर्षांपर्यंतचा. प्रत्यक्ष फळ देऊन केलेले प्रयोगही झाले आहेत, त्यांतले काही आशादायक आहेत, पण बरेचसे थोड्या लोकांवरचे आणि थोड्या काळाचे. विसरण्याचा आजार त्याने बरा होतो, असा पुरावा नाही.

डोळे : दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश वैमानिक बिलबेरीचा मुरंबा खाऊन रात्री लख्ख पाहत, ही गोष्ट सगळीकडे फिरते. पुढे रात्रीच्या दृष्टीवर ज्या काटेकोर चाचण्या झाल्या, त्यांनी तिला आधार दिला नाही. मोतीबिंदूवर तर उपाय एकच, शस्त्रक्रिया.

एकूण जमा-नावे मांडले तर जमेच्या बाजूला एवढे येते : चांगले फळ, कमी उष्मांक, रक्तवाहिन्यांना काहीसा फायदा, बाकी बाबतींत आशा. औषधाची जागा घेईल असे काही जमेत नाही.

कॅप्सूलचे गणित

आता खरा चिंतेचा विषय. सकाळी कमाटीबागेत फिरायला येणाऱ्या आमच्या गटातले एक स्नेही दोन महिने ब्लूबेरीच्या कॅप्सूल घेत होते. कोणीतरी सांगितले म्हणून त्यांनी साखरेची गोळी आपल्या मनानेच एक दिवसाआड केली. पायाची जखम भरेना तेव्हा तपासणी झाली आणि साखर कुठल्या कुठे गेलेली निघाली. वेळेवर लक्षात आले, पाय वाचला. पण आपल्या ओळखीत असे आणखी कोणी नसेलच, असे नाही. म्हणून हे गणित मांडतो.

वर सांगितलेल्या प्रयोगात १५० ग्रॅम ताज्या फळांच्या बदल्यात २६ ग्रॅम भुकटी रोज दिली होती. बाजारातल्या साध्या भुकटीच्या कॅप्सूलमध्ये ५०० मिलिग्रॅम, म्हणजे अर्धा ग्रॅम भुकटी धरू. २६ ग्रॅमसाठी रोज ५२ कॅप्सूल घ्याव्या लागतील. एका कॅप्सूलमध्ये जेमतेम तीन ग्रॅम ताजे फळ, म्हणजे फार तर दोन ब्लूबेरी. अर्काच्या कॅप्सूलचे प्रमाण वेगळे असते, पण मग तो अर्क कशाचा आणि किती, हे लेबलवर लिहिलेले असायला हवे. नसेल तर पैसे देऊ नयेत. आणि अशा पूरक आहाराच्या डबीवर 'औषधी उपयोगासाठी नाही' अशी सूचना छापणे आपल्या देशात बंधनकारक आहे. भिंग घेऊन ती ओळ जरूर वाचा. विकणारा तोंडाने काहीही सांगो, छापील कागद काय म्हणतो ते महत्त्वाचे.

ताज्या फळाचाही हिशेब करू. समजा १२५ ग्रॅमची डबी २५० रुपयांना मिळाली. म्हणजे ग्रॅमला दोन रुपये. रोज १५० ग्रॅमचे ३०० रुपये, महिन्याचे ९,००० रुपये, तेही एकट्याचे. एवढ्या पैशात नवरा-बायको दोघांची महिन्याची भाजी, फळे आणि दूध निघून वर काही शिल्लक राहील. जी गोष्ट वर्षभर परवडत नाही, तिचा वर्षभराचा फायदा कसा मिळणार?

कोणी जपून राहावे?

मधुमेह असलेल्यांनी एक वाटी ताजी ब्लूबेरी खाल्ली तर बिघडत नाही, पण तीत सुमारे २० ग्रॅम कर्बोदके आहेत, ती जेवणाच्या हिशेबात धरावीत. रक्त पातळ ठेवण्यासाठी वॉरफेरिन घेणाऱ्यांनी 'के' जीवनसत्त्व असलेले कोणतेही खाणे एकदम वाढवू किंवा थांबवू नये, आणि अर्काच्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नयेत. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांना पोटॅशियम कमी असल्यामुळे हे फळ बहुधा चालते, तरी प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे. अगदी लहान मुलांना अख्खे फळ देऊ नये, घशात अडकू शकते. चिरून किंवा कुस्करून द्यावे.

मिळाली तर कशी खावी?

घेताना डबी उलटी करून पाहावी. तळाला ओल किंवा डाग असेल तर घेऊ नये. फळावर पांढरट मेणासारखा थर असतो, तो औषधाच्या फवाऱ्याचा नव्हे, काळ्या द्राक्षांवर असतो तसा नैसर्गिक असतो. तो फळाचे रक्षण करतो, म्हणून धुवायचे ते खायच्या वेळीच. फ्रीजमध्ये आठवडाभर टिकते. गोठवलेल्या ब्लूबेरीतही रंगद्रव्ये चांगली टिकतात आणि ती बहुधा स्वस्त पडते. शिजवल्यावर मात्र काही प्रमाणात घटतात.

नुसती खावी, किंवा दह्यात, ओट्समध्ये, फळांच्या सॅलडमध्ये घालावी. न्यू जर्सीतल्या आपल्या लेकी-सुना तिचे श्रीखंडही करतात, सणाला मजा येते, पण श्रीखंडातली साखर ब्लूबेरीने पुण्यवान होत नाही. सुकवलेली ब्लूबेरी बहुधा साखरेच्या किंवा फळांच्या रसाच्या पाकात मुरवलेली असते, म्हणून ती मनुकांसारखी मोजून खावी. मफिन, जॅम, क्रश यांवर निळे चित्र असले तरी घटकांच्या यादीत पहिला शब्द कोणता आहे ते पाहावे. साखर पहिली असेल, तर आपण साखरच घेत आहोत.

आणि आपले जांभूळ?

ब्लूबेरीला इंग्रजांनी रंगावरून नाव दिले. आपण उलटे केले, फळावरून रंगालाच जांभळा म्हटले. दोन्ही झाडांचे कूळ वेगळे. जांभूळ लवंगेच्या आणि पेरूच्या कुळातले, मोठा वृक्ष. पण रंग देणारी द्रव्ये मात्र त्याच अँथोसायनिनच्या घराण्यातली. ब्लूबेरीत जी डेल्फिनिडिन, पेट्युनिडिन, माल्व्हिडिन ही द्रव्ये आढळतात, तीच जांभळातही आढळतात. जांभळावर ब्लूबेरीएवढ्या मोठ्या पाहण्या झालेल्या नाहीत, म्हणून तेच आकडे त्याच्या नावावर टाकणे बरोबर होणार नाही. पण रंगीत, तुरट-गोड, तंतुमय फळ म्हणून त्याला कमी लेखण्याचेही कारण नाही.

एक सावधगिरी मात्र इथेही लागू. जांभळाच्या बियांचे चूर्ण आपल्या घराघरांत मधुमेहावर दिले जाते. ब्राझीलमध्ये जांभळाच्या पानांच्या चहाची मधुमेही रुग्णांवर काटेकोर चाचणी झाली, तिच्यात साखर उतरली नाही. पानांची चाचणी म्हणजे बियांची नव्हे, हे खरे. तरी चूर्ण घ्यायचे असेल तर डॉक्टरांना सांगून आणि गोळी चालू ठेवून. परदेशी फळाला जो नियम लावला, तोच आपल्या फळाला लावायला हवा. आपले म्हणून सूट नाही.

तेव्हा आमचे म्हणणे थोडक्यात असे. न्यू जर्सीला गेलात तर मळ्यात जाऊन ब्लूबेरी पोटभर खा, तिथे ती हंगामाची, ताजी आणि परवडणारी आहे. इथे सणासुदीला, नातवंडांच्या हौसेला एखादी डबी आणलीत तर आनंदाने खा. जून-जुलैत खंडेराव मार्केटात जांभळे येतात ती घ्या, हिवाळ्यात पेरू आणि आवळे घ्या, डाळिंब, काळी द्राक्षे, करवंदे जे जे मिळेल ते आलटून पालटून खा. कॅप्सूलवर पेन्शन घालवू नका. आणि कोणत्याही फळाच्या भरवशावर चालू असलेली गोळी बंद करू नका. गोळी कमी करायची असेल तर तो निर्णय डॉक्टरांचा, तोही तपासणीचा कागद समोर ठेवून.

आपल्या घरात कोणी असे काही सुरू केले असेल, तर रागावू नका, फक्त पुढच्या तपासणीला त्यांच्याबरोबर जा आणि डबी पिशवीत टाकून न्या. डॉक्टरांनी ती एकदा पाहिली, की निम्मे प्रश्न तिथेच मिटतात.

सर्वांना उत्तम आरोग्य लाभो, हीच सदिच्छा.